गाऊन ‘आयडॉल’ व्हायला निघालेल्या मुली: जपानी अ‍ॅनिमेत काय दाखवतात आणि आपल्याकडे काय झालं?

इन्स्टावर स्क्रोल करताना हे रील एकदा तरी तुमच्यासमोर आलं असेल. रंगीबेरंगी केसांच्या नऊ मुली एका तालात नाचतायत, समोरच्या अंधारात हजारो दिवे हलतायत आणि खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी विचारतंय, "भावा, हे अ‍ॅनिमे कुठलं?"

बऱ्याचदा उत्तर असतं ‘लव्ह लाइव्ह!’.

या प्रकाराला ‘आयडॉल अ‍ॅनिमे’ म्हणतात. यात मारामारी नसते, राक्षस नसतात. मुली गाणं शिकतात, नाच बसवतात, स्पर्धेत उतरतात, हरतात, रडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रॅक्टिसला येतात. एवढ्याशा भांडवलावर जपानमध्ये डझनभर मालिका उभ्या राहिल्या आणि त्यांचे चाहते जगभर झाले.

मुलींनी गाऊन स्टार होण्याची अशीच शर्यत आपल्याकडेही झाली आहे. तीही खरीखुरी, टीव्हीवर, अख्ख्या महाराष्ट्रासमोर. तिच्यातली एक विजेती तर यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी शेजारची, हिंगणघाटची. त्यामुळे ही दोन्ही जगं एकदा शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत.

शाळेचा पट वाचवण्यासाठी गाणं

‘लव्ह लाइव्ह! स्कूल आयडॉल प्रोजेक्ट’ ही मालिका जपानमध्ये जानेवारी २०१३ मध्ये सुरू झाली. गोष्ट अगदी साधी आहे. टोकियोतल्या ओतोनोकिझाका नावाच्या मुलींच्या शाळेत दरवर्षी प्रवेश कमी होत चाललेत. तिसऱ्या वर्षाच्या तीन तुकड्या, दुसऱ्याच्या दोन आणि पहिल्या वर्षाची फक्त एक. मग एक दिवस नोटीस लागते की शाळा बंद होणार.

दुसऱ्या वर्षात शिकणारी होनोका कोसाका ठरवते की आपण गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींचा ग्रुप काढायचा आणि तो गाजवायचा. ग्रुप बघून नव्या मुली आपल्या शाळेत नाव घालतील.

पट कमी म्हणून शाळा बंद! हे वाक्य विदर्भात कुणालाही परकं वाटणार नाही. २०२२-२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, त्या एकत्र करून ‘समूह शाळा’ काढाव्यात का, यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. वाडी-तांड्यावरची शाळा गेली तर पहिल्यांदा मुलींचं शिक्षण सुटतं, असं विरोध करणारे सांगत होते. होनोकाच्या शाळेतल्या मुलींना निदान जवळ दुसरी शाळा आणि तिथं जायला रेल्वे तरी होती.

तर होनोकाच्या ग्रुपचं नाव ‘म्यूज’. सुरुवातीला तिघीच असतात. प्रॅक्टिसला हॉल मिळत नाही म्हणून शाळेच्या गच्चीवर नाचतात. पहिल्या कार्यक्रमाला पडदा उघडतो आणि समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. तरीही त्या अख्खं गाणं गातात. मालिकेतला हा प्रसंग चाहते आजही सगळ्यात आधी आठवतात.

समोर तगडी स्पर्धक असते ती ‘अ-राइझ’. अकिहाबारातल्या श्रीमंत, चकचकीत शाळेचा हा ग्रुप. त्या शाळेच्या इमारतीवरच मोठी स्क्रीन. देशभरातल्या शाळांच्या ग्रुपची क्रमवारी रोज बदलते आणि मुली मोबाइलमध्ये आपला नंबर बघत बसतात. होनोका ताप अंगात असताना पावसात गाते आणि स्टेजवरच कोसळते. ग्रुपला स्पर्धेतून माघार घ्यावी लागते. गंमत म्हणजे तोवर शाळेकडे लोकांचं लक्ष गेलेलं असतं आणि शाळा वाचते. स्पर्धा त्या जिंकतात ती २०१४ च्या दुसऱ्या सीझनमध्ये.

खरी चटका लावणारी गोष्ट मात्र पुढच्या मालिकेत आहे. २०१६ मध्ये आलेली ‘लव्ह लाइव्ह! सनशाइन’ टोकियोतून निघून नुमाझू नावाच्या समुद्रकाठच्या गावात जाते. मासेमारी, संत्र्याच्या बागा, तुरळक बस. इथल्या ‘अ‍ॅक्वा’ ग्रुपलाही आपली शाळा वाचवायची आहे. शाळा सांगते की ठरलेल्या वेळेपर्यंत १०० मुलींचे अर्ज आले तर शाळा चालू ठेवू. मुली रात्रभर आकडा बघत जागतात. आकडा ९८ वर थांबतो.

शाळा बंद करायचं ठरतं. त्यानंतर त्या स्पर्धा जिंकतात, पण शाळा परत येत नाही. बंद पडणाऱ्या शाळेचं नाव निदान विजेत्यांच्या यादीत राहावं, एवढ्यासाठी त्या गातात. लहान मुलींसाठीची गुलाबी मालिका म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा भाग जरूर बघावा. खऱ्या नुमाझू शहराला मात्र फायदा झाला. चाहते तिथं फिरायला येऊ लागले आणि शहरानं रस्त्यावरच्या गटारांच्या झाकणांवरही या मुलींची चित्रं लावली.

याच प्रकारातली ‘आइकात्सु!’ २०१२ ची. तिच्यात मुली आयडॉल घडवणाऱ्या खास शाळेत शिकतात. मूळ धंदा पत्त्यांसारखी कार्डं घालून खेळायच्या मशीनचा, त्यामुळे मालिका बघायची आणि कार्डं विकत घ्यायची असं ते गणित होतं. २०२३ ची ‘ओशी नो को’ हा सगळा रंगीत पडदा फाडते. तिच्यात रिअ‍ॅलिटी शोमधल्या एका मुलीवर सोशल मीडियावर लोक तुटून पडतात आणि ती जीव द्यायला निघते, असा भाग आहे. कॉमेंट टाकण्याआधी तो बघायला हरकत नाही.

‘आयडॉल’ हा शब्द आला कुठून?

१९६३ साली एक फ्रेंच सिनेमा आला होता, त्याच्या नावात ‘आयडॉल’ होतं. पुढच्या वर्षी तो जपानमध्ये लागला, त्यात गाणारी सिल्व्ही वार्ताँ लोकप्रिय झाली आणि तरुण गायिकांसाठी जपानीत ‘आयदोरू’ हा शब्द रुळला.

मुलींच्या शर्यतीला खरं रूप दिलं ते १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार तांजो!’ या टीव्ही कार्यक्रमानं. शाळकरी मुली स्टेजवर गायच्या. समोर रेकॉर्ड कंपन्या आणि एजन्सींचे लोक बसलेले. मुलगी आवडली की ते आपल्या कंपनीच्या नावाची पाटी वर करायचे. एकही पाटी वर गेली नाही तर ती मुलगी सगळ्या देशासमोर तशीच उभी. बाजारात बैलाला बोली लागावी तसला हा प्रकार, पण यातूनच मोमोए यामागुची, अकिना नाकामोरी अशा मोठ्या गायिका पुढे आल्या.

पुढे पाट्यांची जागा मतांनी घेतली. ‘एकेबी४८’ या प्रचंड मोठ्या ग्रुपनं २००९ पासून चक्क निवडणूक सुरू केली. कुठली मुलगी पुढे उभी राहणार हे चाहत्यांनी ठरवायचं. मतपत्रिका मिळायची ती सीडी विकत घेतल्यावर. मग काय, आवडत्या मुलीसाठी एकेका चाहत्यानं सीडीची खोकीच्या खोकी घेतली. ही निवडणूक २०१८ पर्यंत दरवर्षी गाजत राहिली.

जो जास्त पैसे खर्च करेल त्याची मतं जास्त. हे सूत्र आपल्याकडेही आलं, फक्त सीडीऐवजी मोबाइलमधून.

पाटी, मार्क आणि एसएमएस

आपल्याकडे गाण्याच्या टीव्ही स्पर्धेचं पान उघडलं ते १९९५ मध्ये, झी टीव्हीवरच्या ‘सा रे ग म’नं. सूत्रसंचालक सोनू निगम. तेव्हा मार्क द्यायचे संगीतातले जाणकार लोक, घरी बसलेल्या प्रेक्षकाला विचारायचा प्रश्नच नव्हता. श्रेया घोषाल लहानपणी याच मंचावर गायली आणि तिला तिथं ऐकल्यावरच संजय लीला भन्साळींच्या घरापर्यंत तिचं नाव पोचलं.

मग २००४ मध्ये ब्रिटिश ‘पॉप आयडॉल’चा भारतीय अवतार ‘इंडियन आयडॉल’ सुरू झाला आणि निकाल प्रेक्षकांच्या एसएमएसवर गेला. मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला तेव्हा मराठी घराघरात पेढे वाटायचेच बाकी होते. मत द्यायच्या एसएमएसला साध्या मेसेजपेक्षा जास्त पैसे पडायचे. तरी लोकांनी पाठवले. २००७ मध्ये दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगसाठी तर डोंगरातल्या लोकांनी वर्गणी काढून मतं टाकली.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एसएमएसवर निकाल लागलेल्या ‘इंडियन आयडॉल’ची पहिली तिन्ही पर्वं मुलांनी जिंकली. पहिली मुलगी जिंकली ती चौथ्या पर्वात, १ मार्च २००९ ला. त्रिपुराची सौरभी देबबर्मा.

आणि तिच्या काही आठवडे आधी मराठीत एका छोट्या मुलीनं बाजी मारली होती.

२००८ चा तो हिवाळा

झी मराठीवर जुलै २००८ मध्ये ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ सुरू झालं. सूत्रसंचालन पल्लवी जोशीचं, परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन जोरात होतं, त्यामुळे अख्खा एपिसोड बघायला मिळाला तरी लॉटरी लागल्यासारखं वाटायचं. ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरी गर्दी.

महाअंतिम फेरीत पाच जण पोचले. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे आणि लातूरचा रोहित राऊत. पाचांत तीन मुली. लोकांनी त्यांना ‘पंचरत्न’ नाव दिलं आणि ते आजतागायत चिकटलेलं आहे. मुग्धा सगळ्यात छोटी. गाणं संपेपर्यंत ती मोठ्या माणसासारखी गंभीर असायची आणि संपलं की पुन्हा लहान मूल.

आर्या जिंकणार असं अनेकांनी धरलं होतं. फेब्रुवारी २००९ मध्ये जिंकली कार्तिकी. सुरेल, शिकलेला गळा की खडा, वारकरी ठसक्याचा गळा, यावर घराघरात वाद झाले. पिढ्यान् पिढ्या मराठी कानांना जो ‘चांगला’ आवाज म्हणून शिकवला गेला होता, त्यापेक्षा वेगळा आवाज लोकांनी मतं देऊन निवडला होता. एसएमएसच्या धंद्याला कितीही नावं ठेवा, पण भजनी मंडळाचा सूर मुख्य मंचावर मधोमध उभा राहिला तो लोकांच्या मतामुळेच.

पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पाचही जण गाण्यातच राहिले, आणि बालकलाकारांच्या बाबतीत असं फार क्वचित होतं. कार्तिकी अभंग-भक्तिगीतं गात राहिली. आर्या २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’ सिनेमात नायिका म्हणून दिसली आणि तिथं गायलीही. रोहित ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीपर्यंत गेला. २०२१ मध्ये लिटल चॅम्प्स पुन्हा सुरू झालं तेव्हा हेच पाच जण परीक्षकांच्या खुर्चीत होते. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये मुग्धा आणि प्रथमेशचं लग्न झालं, ज्यावर महाराष्ट्रातल्या एका पिढीनं घरचं कार्य असल्यासारखी चर्चा केली.

ही पाच मुलं टिकली कशी? कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका. म्हणजे टीव्हीचा कॅमेरा लागायच्या कितीतरी आधीपासून घरात तानपुरा, पेटी आणि चूक दाखवणारं माणूस होतं. स्पर्धेनं त्यांना प्रसिद्धी दिली. गाणं त्यांच्याकडे आधीच होतं.

अ‍ॅनिमेत मुली शाळेच्या गच्चीवर एकमेकींना शिकवतात आणि वर्षभरात देशात पहिल्या येतात. खऱ्या आयुष्यात गच्चीवर शिकवायलाही कुणीतरी लागतं.

हिंगणघाटची वैशाली

२००९ हे वर्ष गाण्याच्या स्पर्धांमध्ये मुलींचंच म्हणायला हवं. फेब्रुवारीत कार्तिकी, मार्चमध्ये सौरभी आणि झी टीव्हीच्या हिंदी ‘सा रे ग म प चॅलेंज २००९’ची विजेती ठरली वैशाली माडे.

वैशाली मूळची अमरावती जिल्ह्यातली, माहेरचं आडनाव भैसने. लग्नानंतर ती वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटची झाली. वर्धा नदी ओलांडली की अलीकडे यवतमाळ जिल्हा, त्यामुळे वणी-राळेगावकडच्या लोकांसाठी ती शेजारच्या घरची. हिंदी स्पर्धेआधी तिनं झी मराठीचं ‘सा रे ग म प’ही जिंकलं होतं. मराठी आणि हिंदी, दोन्ही मंचांवर विजेती.

आणि हे सगळं लग्नानंतर. जपानच्या आयडॉल व्यवसायात मुलीनं नुसतं प्रेमात पडणंही करिअर संपवू शकतं, तिथं लग्न झालेली स्पर्धक कुणी कल्पनेतही आणणार नाही. विदर्भातून एक सून देशभराच्या स्पर्धेत उतरते आणि जिंकते, ही गोष्ट त्या मापानं बघितली की जास्त मोठी वाटते.

२०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला. त्यातलं ‘पिंगा’ कुणाला माहीत नाही? त्यावर वाद झाले, नाच झाले, लग्नाच्या संगीतात ते अजूनही वाजतं. काशीबाई आणि मस्तानीसाठी त्यात दोन आवाज आहेत. एक श्रेया घोषालचा, दुसरा वैशाली माडेचा. म्हणजे ‘पिंगा’चे दोन्ही आवाज ‘सा रे ग म’च्याच मंचावरून आलेले. २०१९ च्या ‘कलंक’मधल्या ‘घर मोरे परदेसिया’मध्येही या दोघी एकत्र आहेत.

पण दोन स्पर्धा जिंकूनही ‘पिंगा’पर्यंत पोचायला सहा वर्षं गेली. ट्रॉफी हातात आली की उद्यापासून फोन खणखणायला लागतात, असं घरी टीव्ही बघणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही. पुढच्या वर्षी नवं पर्व, नवे चेहरे, आणि आधीचा विजेता मागे पडतो. मुंबईत घर घेऊन, स्टुडिओंच्या चकरा मारून टिकून राहायचं असतं. तो खर्च ज्याला परवडतो तोच टिकतो.

२०२३ च्या लिटल चॅम्प्समध्ये सुरेश वाडकर आणि सलील कुलकर्णी यांच्या शेजारी परीक्षक म्हणून वैशाली बसली होती. त्या पर्वाची विजेती ठरली गौरी अलका पगारे. नावात मधे आईचं नाव लावणारी मुलगी.

मधल्या काळात फक्त मुली-बायकांचीही एक स्पर्धा झाली. कलर्स मराठीवर २०२१ मध्ये आलेलं ‘सूर नवा ध्यास नवा – आशा उद्याची’. परीक्षक अवधूत गुप्ते आणि महेश काळे, सूत्रसंचालन स्पृहा जोशीचं, विजेती सन्मिता धापटे-शिंदे. ‘मुलींची आयडॉल स्पर्धा’ या व्याख्येत मराठीत सगळ्यात नेमकं बसणारं उदाहरण हेच. मात्र इथं कुणाला एका रंगाचा ड्रेस घालून ग्रुपमध्ये नाचायचं नव्हतं. जपानी आयडॉलकडून गाण्यापेक्षा गोडवा, नाच आणि चाहत्यांशी नातं जास्त मागितलं जातं. आपल्या मंचावर अजून तरी पहिला प्रश्न ‘सुरात आहे का?’ हाच असतो.

यवतमाळच्या मुलीला काय लागतं?

यवतमाळ जिल्ह्यात गाण्याचा दुष्काळ नाही. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गावोगावी आहेत. एप्रिलमध्ये जयंतीला भीमगीतांचे कार्यक्रम रात्र-रात्र चालतात. होळीला तांड्यांवर लेंगी गीतं असतात, ज्यात बायका-पुरुष फेर धरतात. माईकसमोर न घाबरणाऱ्या मुली इथं आधीपासून आहेत.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. स्टुडिओ मुंबईत. यवतमाळ शहरातून निघायचं तर आधी धामणगाव, बडनेरा किंवा वर्धा गाठून रेल्वे पकडायची, ही जुनी सवय. मुलगी लहान असेल तर सोबत आई किंवा वडील आलेच, म्हणजे एकाची मजुरी किंवा दुकान बंद. शूटिंग महिनोन् महिने चालतं.

त्याहून मोठी अडचण शिकवणाऱ्याची. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत सहावी ते आठवीच्या शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे, पण पट १०० च्या वर असेल तर. पाड्यावरच्या, तांड्यावरच्या छोट्या शाळेला तो निकषातच बसत नाही. म्हणजे ज्या शाळेचा पट कमी, तिथं गाणं शिकवणारं माणूस मिळायची शक्यता सगळ्यात कमी. पट आणि गाणं यांचा संबंध जपानी लेखकानं लावला होता, आपल्याकडे तो नियमातच आहे.

मुलगी निवडली गेलीच तर हे नियम माहीत हवेत

२००८ मध्ये कोलकात्यातली एक सोळा वर्षांची मुलगी डान्स शोमध्ये परीक्षकांचे कडक शब्द ऐकल्यानंतर आजारी पडली, तिचं बोलणं-चालणं थांबलं, असं तिच्या पालकांनी सांगितलं आणि देशभर चर्चा झाली. पुढे बालहक्क आयोगानं रिअ‍ॅलिटी शोमधल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मग २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. चौदा वर्षांखालचं मूल टीव्हीवर काम करणार असेल तर हे नियम लागू होतात. पालकांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतात.

शूटिंग जिथं होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची असते. मुंबईत शूटिंग असेल तर यवतमाळच्या कलेक्टर ऑफिसला पालकांनी खेटे घालायची गरज नाही, पण परवानगी घेतली का, हे निर्मात्याला विचारायचा हक्क पालकांना आहे. अर्जासोबत पालकांची संमती आणि मुलाच्या सुरक्षेची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नावही द्यावं लागतं.

दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडू नये म्हणून अभ्यासाची सोय निर्मात्यानं करायची. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाची इच्छा नसेल तर त्याला उभं करता येत नाही. मग आई-बाबांची कितीही हौस असो.

पैशांचाही नियम आहे. मुलाला जे मिळेल त्याच्या किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं मुदत ठेवीत थेट जमा करायची. ती मूल सज्ञान झाल्यावर त्यालाच मिळते, पालकांना ती मधेच मोडता येत नाही. त्यामुळे करार हातात आला की मुदत ठेवीचं कलम आधी शोधा, आणि बँकेची पावती कुणाकडे राहणार ते सही करण्याआधी विचारून घ्या. ऑडिशनच्या नावाखाली आधी पैसे भरा म्हणणारा फोन आला, तर त्या फोनवर दुसरं काही विचारायची गरजच नाही. तो कट करा.